पोराची कबुतरं घुमायला लागली की...

ताईंनो, पशुसखी म्हणून मी शेळ्या-कोंबड्यांवर बोलते, पण यावेळी विषय कबुतरांचा आहे. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीकडे भाड्याच्या खोल्यांच्या प्रत्येक रांगेत एखाद्या पोराची स्लॅबवर जाळीची ढाबळ असतेच. पोरगं शाळेत गेलं की दाणा-पाणी आणि झाडलोट आईच्याच गळ्यात. म्हणून हे आयांनाच सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं मित्राकडून दोन पिल्लं आणली. पाच महिन्यांचीही झाली नसतील, तोवर एक गळा फुगवून घुमायला लागलं, शेपूट जमिनीला घासत दुसरीभोवती गोल फिरू लागलं. मग तिनं त्याच्या चोचीत चोच घातली. ताईंनी मला विचारलं, "एवढ्या लवकर चालतं का?" मी म्हटलं, "निसर्गच आहे, होऊ द्या." इथं माझं चुकलं. अंडी आली. पिल्लं नकोत म्हणून मुलानं ती फेकून दिली. आठ-दहा दिवसांत पुन्हा दोन आली, तीही फेकली. तिसऱ्या वेळी मादी खाली कोपऱ्यात पिसं फुलवून बसली, शेपटी वरखाली करत कुंथत होती. अंडं आत अडकलं होतं. सकाळी ती गेली. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

पाठ माजावर आली म्हणून आपण तिला लगेच बोकड दाखवत नाही, अंग भरू देतो. कबुतराचंही तसंच. पाचव्या-सहाव्या महिन्यात ती वयात येतात, पण मादीचं अंग तेव्हा अजून वाढत असतं. अंड्याच्या टरफलाला लागणारा चुना तिच्याच हाडांतून जातो. नुसत्या बाजरी-तांदळावर असलेली मादी दोन-तीन खेपांतच रिकामी होते. जोडी लावायचीच असेल तर निदान आठ-दहा महिने थांबा, वर्ष झालं तर आणखी चांगलं.

घुमणं सुरू झालं की नर-मादी वेगळे करा. ढाबळीत मधे फळी टाकली तरी चालतं, पण एकमेकांना दिसणार नाहीत अशी. घरट्याची पाटी, काड्या, काथ्या काढून टाका, अंधारे कोपरे बंद करा. एकाच घरट्यातली दोन पिल्लं म्हणजे सख्खी भावंडं, आणि त्यांचीही जोडी जमते. ती तर लावूच नका. नर नसला म्हणून निश्चिंत राहू नका. दोन माद्याही जोडी जमवतात. एका घरट्यात चार अंडी दिसली तर तेच समजा. एकटी, माणसाळलेली मादीसुद्धा अंडी घालते. तिच्या पाठीवरून हात फिरवू नका, ती त्याचा वेगळा अर्थ घेते. डोक्यावर, मानेवर खाजवलं तर चालतं.

तरीही अंडी आलीच, तर फेकू नका. घरटं रिकामं दिसलं की ती पुन्हा घालते. मादी बहुधा दोन अंडी घालते, मधे साधारण दोन दिवस जातात. दुसरं आलं की त्याच दिवशी दोन्ही काढून दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, परत ठेवा. लाकडाची तशाच आकाराची अंडी असली तर तीही चालतात. नर-मादी आळीपाळीनं अठरा-वीस दिवस बसतील आणि मग आपणच सोडून देतील. मादीला तेवढाच आराम. काहींना हे फसवणं वाटतं. मला मादी मरण्यापेक्षा ते बरं वाटतं.

दाण्यात ज्वारी-बाजरीबरोबर मका, मसूर, मटकी असू द्या. शिंपल्याचा चुरा, किंवा कोंबडीच्या अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत कायम ठेवा. सकाळचं ऊन मिळू द्या. मादी वर सांगितल्यासारखी कुंथत बसली तर खोक्यात मऊ कापडावर उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर संपलं.

हिशोबही बघा. अठरा दिवसांनी पिल्लं निघतात, महिन्याभरात उडतात, आणि ती उडायच्या आत मादी पुन्हा अंड्यावर असते. एका जोडीची वर्षात सहज दहा-बारा पिल्लं होतात. एका कबुतराला रोज तीस-चाळीस ग्रॅम दाणा धरला तर दहा कबुतरांना महिन्याला नऊ ते बारा किलो. बचतीच्या वहीत हा आकडा एकदा लिहून पोराला दाखवा.

आणि कबुतरं जितकी जास्त तितकी विष्ठा. ती वाळली की धूळ उडते आणि छातीत जाते, घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर फारच वाईट. झाडण्याआधी पाणी शिंपडा, नाका-तोंडाला फडकं बांधा. खोकला तीन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना घरात कबुतरं आहेत हे आवर्जून सांगा.

त्या ताईंच्या मुलानं आता दोन खण केलेत. नवीन मादी सात महिन्यांची आहे. पलीकडचा नर दिवसभर घुमतो, पण मधली फळी अजून काढलेली नाही.