इंजिनबदलाचे अंदाजपत्रक

(बी. कॉम., चौथे सत्र)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या शास्त्र शाखेच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी मी उद्यमबागेतील एका गॅरेजची खतावणी लिहितो. त्या अनुभवावरून एवढे निश्चित सांगू शकतो, की जुन्या गाडीत दुसरे इंजिन आणि दुसरा गिअरबॉक्स बसवण्याचे काम पान्याने सुरू होत नाही. ते कागद-पेन्सिलीने सुरू होते. 'अंदाजपत्रक', 'भांडवली खर्च', 'आकस्मिक तरतूद' हे शब्द आपण वर्गात व्याख्या म्हणून पाठ करतो. एका खऱ्या कामात ते कसे उतरतात, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या टेंपेस्ट गाडीत मोठ्या गाड्यांचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवले आणि तिला जी. टी. ओ. हे नाव दिले. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. पाँटिअ‍ॅकने हे इंजिन गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी 'ऐच्छिक जोड' म्हणून विकले आणि दंडकाला बगल दिली. मध्यम बांधा आणि दांडगे इंजिन या जोडीला पुढे 'मसल कार' म्हणू लागले. १९७० नंतर धुराचे नियम, विम्याचे वाढते हप्ते आणि १९७३ ची तेलटंचाई यांमुळे तो काळ ओसरला. गाड्या मात्र राहिल्या. त्यांचे आजचे मालक त्यांत नव्या पिढीचे इंजिन बसवतात. १९९७ साली शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये आलेले ५.७ लिटरचे, ॲल्युमिनियम ब्लॉकचे एल. एस. १ इंजिन आणि त्याच्या वंशातील इंजिने या कामासाठी तिकडे विशेष लोकप्रिय आहेत.

आपल्याकडे शौकीन लोक हा मान कॉन्टेसाला देतात. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्ही. एक्स. गाडीच्या बांध्यावर ही मोटार काढली. बॉनेट रुंद, रुबाब मोठा. पण आत आरंभी ॲम्बॅसडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे, पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन. म्हणजे पैलवानाच्या अंगरख्यात कारकून! पुढे त्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीनेच इंजिन बदलले. जपानच्या इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे, सुमारे ८५ अश्वशक्तीचे इंजिन आले. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की ते एकटे आले नाही. इसुझूचा पाच गतींचा गिअरबॉक्सही त्याच्यासोबत आला. १९९२ साली १.८ लिटरचे इसुझू इंजिन ॲम्बॅसडरलाही मिळाले. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ साली थांबले.

आता आमच्या गॅरेजमधील उदाहरण. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक १९८५ साली नोंदलेली, जुन्या १४८९ च्या इंजिनाची कॉन्टेसा घेऊन आले. आम्ही सर्व त्यांना 'सर' म्हणतो. चोर्ला घाट चढताना मागचे ट्रकवाले भोंगा वाजवतात, ही त्यांची तक्रार; आणि तिच्यात सहा सिलिंडरचे जपानी इंजिन बसवावे, ही त्यांची इच्छा. त्यासाठी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील एक भाग त्यांनी बाजूला काढला होता. ही रक्कम पुन्हा येणारी नव्हती. मालक मला म्हणाले, "तू बी. कॉम.वाला ना? अण्णाला बरोबर घे आणि सरांना नीट हिशेब करून दे." अण्णा म्हणजे आमचे मुख्य मिस्त्री. ते कानडीतून सांगत, मी मराठीतून लिहीत असे. चार रविवार बसून आम्ही जो कागद तयार केला, त्यातील क्रमच येथे देतो.

१. हेतू. गाडी कशासाठी हवी, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. शर्यतीसाठी, प्रदर्शनासाठी की घाट चढून गोव्याला जाण्यासाठी? हेतू बदलला की पुढचा प्रत्येक आकडा बदलतो. सरांचे वाक्य होते, "घाटात लाज वाटू नये." हे वाक्य आम्ही कागदाच्या माथ्यावर लिहिले. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

२. मोजमाप. इंजिन बॉनेटखाली मावते की नाही, एवढे पाहून भागत नाही. ऑइल चेंबर पुढे खोल आहे की मागे, तो खालच्या आडव्या क्रॉसमेंबरवर टेकतो का, एक्झॉस्टची नळी स्टीअरिंगच्या दांड्याला घासते का, रेडिएटर आणि पंखा यांत अंतर उरते का, इंजिनाचे फाउंडेशन कोठे वेल्डिंग करावे लागेल, हे सारे टेपने मोजावे लागते. वजनही मोजावे. इंजिन जड असेल तर पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक आणि स्टीअरिंग या तिघांवर भार येतो. अण्णांचा नियम असा, की मोजलेला आकडा लगेच लिहायचा, डोक्यात ठेवायचा नाही. हिशेबनिसाला यापेक्षा चांगला गुरू कोणता?

३. गिअरबॉक्स. नवशिके सारे लक्ष इंजिनाकडे देतात आणि गिअरबॉक्सकडे शेवटी पाहतात. वास्तविक निर्णय दोघांचा मिळून करायचा असतो. एक साधे गणित पाहा. समजा, चाकाचा परीघ १.९ मीटर आहे आणि मागच्या डिफरेन्शियलचे प्रमाण ४ आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते. वरच्या गिअरचे प्रमाण १ असेल तर इंजिनाला ७०० गुणिले ४, म्हणजे २,८०० फेरे घ्यावे लागतात. त्याऐवजी ०.८ प्रमाणाचा पाचवा गिअर मिळाला तर तेवढ्याच वेगाला २,२४० फेरे पुरतात. आवाज आणि झीज कमी होते.

आता उलट बाजू. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ असेल, तर तो आणि डिफरेन्शियल मिळून इंजिनाचा पीळ चौदापट करून मागच्या ॲक्सलला देतात. इंजिनाचा पीळ दुप्पट केला, तर ॲक्सलवर येणाराही दुप्पट होतो. म्हणून जुना गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरेन्शियल यांतील सर्वांत कमजोर भाग आधी तुटतो. साखळीची ताकद तिच्या कमजोर कडीइतकी, हे येथे शब्दशः खरे आहे. याशिवाय गिअरबॉक्स बदलला, की क्लच, बेलहाउसिंग, गिअरबॉक्सचा आधार, गिअरच्या दांड्याची जागा, स्पीडोमीटरची केबल आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी या गोष्टीही बदलतात. अंदाजपत्रकात यांतील प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्यावी.

४. सोबतची कामे. जुन्या कारब्युरेटरला पेट्रोल पाच-सात पौंड प्रति चौरस इंच दाबाने पुरते. एल. एस. जातीच्या इंजेक्शन इंजिनाला सुमारे ५८ पौंड लागतात. म्हणजे पंप, नळ्या, जोड आणि टाकीतील व्यवस्था नवी करणे आले. जुन्या रबरी नळीवर भागवणे म्हणजे आगीशी खेळ. संगणक-नियंत्रित इंजिनाला त्याचे वायरिंग आणि नियंत्रण-पेटी लागते. शक्ती वाढली, की उष्णता वाढते; रेडिएटर मोठा लागतो. आणि ब्रेक! गाडीतील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ९० ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना सव्वादोनपट ऊर्जा शोषावी लागते. तेव्हा ब्रेकची ओळ इंजिनाच्या ओळीखाली नव्हे, तिच्या शेजारी लिहावी.

यामुळेच जाणकार सुटे इंजिन न घेता शक्य तर ते इंजिन असलेली संपूर्ण गाडी विकत घेतात. वायरिंग, पेटी, फाउंडेशन, पेडल, शाफ्ट सर्व एकत्र मिळते आणि उरलेले भाग विकून काही रक्कम परत येते. आपण परिव्यय लेखांकनात उपउत्पादनाची विक्री मुख्य खर्चातून वजा करतो, तोच हा प्रकार.

५. कायदा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच अर्थ स्पष्ट केला. इंजिन बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणून परिवहन कार्यालयाला आधी लेखी विचारावे, इंजिनाचे खरेदीबिल जपावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. आपल्या इंजिनाचा क्रमांक पुस्तकातील क्रमांकाशी जुळत नसेल, तर अपघातानंतर वाद घालण्यात काय अर्थ?

जुलै २०२१ च्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते; पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. सरांची गाडी २०३५ साली पन्नास वर्षांची होईल. इंजिन बदलले, तर तो दरवाजा आजच बंद. एक पर्याय निवडल्याने दुसऱ्या पर्यायाचा जो लाभ सोडावा लागतो, त्याला अर्थशास्त्रात संधी-परिव्यय म्हणतात. बिलात तो कधी छापला जात नाही. कागदावर तो आपणच लिहावा लागतो.

६. हिशेब. आम्ही चार रकाने आखले : वस्तू, मजुरी, दिवस आणि 'विकल्यास परत येईल काय'. इंजिन व गिअरबॉक्स ही पहिली ओळ. तिच्याखाली आणखी सत्तावीस ओळी भरल्या, आणि पहिल्या ओळीची रक्कम एकूण रकमेच्या निम्मीही झाली नाही! त्यावर आकस्मिक खर्चाची तरतूद. अण्णा म्हणाले, "जुन्या गाडीचा पत्रा उघडल्याशिवाय आत काय आहे ते देवालाही ठाऊक नसते." म्हणून एकूण रकमेचा चौथा हिस्सा आम्ही वेगळा धरला.

आमच्या गॅरेजच्या मागच्या बाजूस ताडपत्रीखाली तीन गाड्या उभ्या आहेत. तिन्हींचे इंजिन काढलेले आहे, तिन्हींच्या मालकांचे पैसे अर्ध्या वाटेत संपले. एवढे घातले आता थोडे आणखी घालू, असे म्हणत ते पुढे गेले. घातलेले पैसे परत येणार नसतील, तर पुढचा निर्णय करताना ते हिशेबात धरायचे नाहीत, हा बुडीत खर्चाचा नियम. पुस्तकात तो दोन ओळींचा आहे. ताडपत्रीखाली तो तीन गाड्यांचा आहे.

कागद पूर्ण झाला तेव्हा मला एक संकोच होता. हे काम मिळाले असते, तर गॅरेजला तीन-चार महिन्यांचा रोजगार मिळाला असता, आणि माझा कागद ते काम घालवणार हे दिसत होते. मी मालकांना तसे बोलून दाखवले. त्यांनी कागद वाचला, एकही आकडा बदलला नाही आणि म्हणाले, "जसा आहे तसा दे."

सरांनी तो दोनदा वाचला. मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे यातले पहिल्या ओळीतलेच थोडे परत येतील?"

"हो सर. बाकीचे गाडीतच राहतील."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कागदाच्या माथ्यावरील स्वतःचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले आणि अण्णांना विचारले, की हेच इंजिन नीट केले तर घाट चढेल काय. अण्णांनी इंजिन उघडून पाहिले. बोअर झिजलेले, व्हॉल्व्ह गळके, क्लच घसरत होता. म्हणजे इंजिन लहान होते हे खरे, पण जेवढे होते तेवढेही काम करत नव्हते! बोअरिंग, नवे पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच, रेडिएटरची सफाई आणि ब्रेक एवढे काम झाले. खर्च मूळ अंदाजाच्या लहानशा भागात बसला. नोंदणी-पुस्तकातील एक अक्षरही बदलले नाही. गाडी आता काही उडत जात नाही; पण दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता घाट चढते, असे सर सांगतात.

याचा अर्थ इंजिन बदलूच नये, असा नाही. कंपनीनेच कॉन्टेसाचे इंजिन बदलले आणि गाडी सुधारली. पण तिने गिअरबॉक्ससह बदलले आणि मग गाडी बाजारात आणली. आपण एकेकटे करतो तेव्हा त्या कारखान्याचे काम आपल्या एका कागदाला करावे लागते. हेतू, मोजमाप, गिअरबॉक्स, सोबतची कामे, कायदा, हिशेब. या सहा पायऱ्या पार करून जो 'होय' म्हणेल, त्याने खुशाल पाना उचलावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. अण्णा 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' म्हणतात. अंथरूण मोजण्याची पट्टी दोन्ही भाषांत एकच आहे.

प्राध्यापकांना एक नम्र सूचना करून थांबतो. परिव्यय लेखांकनाच्या तासाला आपण काल्पनिक कारखान्याची उदाहरणे सोडवतो. वर्षातून एक उदाहरण आपल्या गावातील एखाद्या गॅरेजचे, फाउंड्रीचे किंवा लेथचे घ्यावे. तेथे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर दिलेले नसते. आणि ज्याचे पैसे आहेत तो माणूस समोर बसलेला असतो.