चांगला पंप कोणता? बिघाडाचे गणित

तुमच्या गावासाठी पाण्याचा पंप विकत घ्यायचा आहे आणि निवड तुमच्यावर सोपवली आहे, असे समजा. दोन कारखानदारांनी माहितीपत्रके पाठवली आहेत. किंमत सारखी, ताकद सारखी, तासाला मिळणारे पाणीही सारखेच. फरक एवढाच, की पंप ‘अ’ सरासरीने २००० तास चालल्यावर बिघडतो, तर पंप ‘ब’ ५०० तासांतच बिघडतो. कोणता घ्याल? ‘अ’ हे उत्तर ओठांवर आले असेल, तर जरा थांबा. एक प्रश्न विचारायचा राहिला आहे : बिघडलेला पंप पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो?

‘अ’चे सुटे भाग परगावाहून मागवावे लागतात, म्हणून प्रत्येक वेळी २०० तास जातात. ‘ब’ हा पंप गावातला मिस्त्री १० तासांत दुरुस्त करतो. आता हिशेब करू. यंत्र एकूण काळापैकी किती काळ कामाला मिळते, याला ‘उपलब्धता’ म्हणतात.

उपलब्धता = चालू काळ ÷ (चालू काळ + बंद काळ)

‘अ’साठी २००० ÷ २२०० = ०·९१
‘ब’साठी ५०० ÷ ५१० = ०·९८

पंप रात्रंदिवस चालवायचा असेल, तर वर्षाच्या ८७६० तासांपैकी ‘अ’ सुमारे ३३ दिवस बंद राहील आणि ‘ब’ फक्त ७ दिवस. वारंवार बिघडणारा पंपच जास्त पाणी देतो!

मग नेहमी ‘ब’च घ्यावा काय? तसेही नाही. तो वर्षातून सुमारे १७ वेळा थांबेल; ‘अ’ फक्त ४ वेळा. प्रत्येक दुरुस्तीला मजुरी आणि सुटे भाग लागतात. गावात दिवसभराचे पाणी साठवणारी टाकी असेल, तर १० तासांचा खंड कोणाला जाणवणारही नाही. पण हाच पंप एखाद्या भट्टीला थंड ठेवणारे पाणी पुरवत असेल, तर १० मिनिटांचा खंडही महागात पडेल. तेथे किती वेळा थांबतो, हाच आकडा आधी पाहावा लागतो आणि जोडीला दुसरा पंप तयार ठेवावा लागतो. म्हणजेच मोजपट्टी कोणती, हे यंत्राकडे नव्हे, तर त्याच्या कामाकडे पाहून ठरते.

आता ‘सरासरी २००० तास’ या शब्दांकडे नीट पाहा. माहितीपत्रकात हा आकडा एमटीबीएफ या नावाने छापलेला असतो. त्याचा अर्थ ‘पंप २००० तास हमखास चालेल’ असा नाही. बिघाडाचा संभव यंत्राच्या वयावर अवलंबून नसेल, तर येथेही किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासाचाच नियम लागू पडतो. त्या नियमाप्रमाणे अशा १०० पंपांपैकी सुमारे ३७ पंपच न बिघडता २००० तास पुरे करतात. उरलेले ६३ त्याआधीच एकदा तरी बंद पडतात.

हा आकडा काढतात कसा, तेही विचारावे. १०० पंप प्रत्येकी २०० तास चालवले आणि त्यांत १० बिघाड झाले, तर २०,००० ÷ १० = २००० तास असे उत्तर येते. पण यातला एकही पंप प्रत्यक्षात २००० तास चाललेला नसतो! वॉशर झिजणे, बेअरिंग सैल होणे हे पुढे घडणारे बिघाड या चाचणीत दिसतच नाहीत. दुरुस्तीच्या वेळेचेही तसेच आहे. कारखानदार मिस्त्रीने पाना हाती घेतल्यापासूनचा वेळ मोजतो. आपल्याला मात्र पंप थांबल्या क्षणापासूनचा वेळ मोजायला हवा.

हे गणित केवळ कागदावरचे नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास आपल्याकडे अनेक विंधन विहिरी घेण्यात आल्या. त्या काळी वापरात असलेले बरेचसे ओतीव लोखंडाचे हातपंप मूळचे एका कुटुंबाच्या वापरासाठी होते. अख्खे गाव त्यांवर पाणी भरू लागल्यावर ते मोडून पडत. भारत सरकारने युनिसेफच्या सहकार्याने नवा पंप तयार केला, तो ‘सोलापूर पंपा’च्या धर्तीवर. तोच ‘इंडिया मार्क-२’. हा पंप दणकट होता. पण बिघाड खालच्या सिलिंडरमध्ये असला, की अडचण येई. पिस्टन नळापेक्षा जाड असल्याने तो नळातून वर काढता येत नसे. ३२ मिलिमीटरची सगळी नळमाळ उपसावी लागे. तीस मीटर खोलीला नळ आणि रॉड मिळून, आतले पाणी सोडले तरी, वजन सुमारे सव्वाशे किलो! त्यासाठी खास हत्यारांसह फिरते पथक बोलवावे लागे. पथक येईपर्यंत बायकापोरांना डोक्यावर घागरी घेऊन लांबचे पाणी आणावे लागे.

१९८० च्या दशकात कोइमतूर भागात ज्याच्या चाचण्या झाल्या, त्या ‘इंडिया मार्क-३’मध्ये नळ ६५ मिलिमीटरचा केला. आता पिस्टन नळातूनच वर येऊ लागला. उचलायचे राहिले मुख्यतः १२ मिलिमीटर जाडीचे रॉड. तीस मीटरला जेमतेम २७ किलो. हे काम गावातली माणसेही करू शकतात. बिघाड टाळण्यापेक्षा बंद काळ कमी करण्यावर येथे भर होता. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. रुंद नळ जड आणि महाग असतो. नळालाच गळती लागली, तर तो उपसणे अधिक अवघड होते. म्हणून खोल विहिरींवर जुनी रचनाच सोयीची ठरते.

करून पहा : शाळेतल्या पंपासाठी एक वही घाला. कधी थांबला, कधी सुरू झाला आणि मधला वेळ कशात गेला, हे सहा महिने लिहा. वेळ दुरुस्तीत गेला, की सुटा भाग मिळेना म्हणून, की कोणी कळवलेच नाही म्हणून? मग उपलब्धता काढा. शेवटी हे उदाहरण सोडवा : बिघाडांमधला काळ दुप्पट केला, किंवा बंद काळ निम्मा केला, तर उपलब्धता कशाने जास्त वाढेल? दोन्हींचे उत्तर एकच येईल. मग तुमच्या शाळेला त्यांतले कोणते स्वस्तात जमेल, ते मात्र वहीच सांगेल.