डुबकीनंतर खांदा दुखतोय? दुर्लक्ष नको!



दिवाळी झाली की गटांच्या सहलीचे बेत सुरू होतात, आणि मालवण-तारकर्लीचं नाव हमखास निघतं. तिथे गेल्यावर काही ताया हौसेने स्कुबाही करतात. शिवाय पुण्यात नोकरीला असलेली आपली मुलं-मुली स्विमिंग टँकवर स्कुबाचे पहिले धडे घेतात आणि शनिवार-रविवार धरून समुद्रात उतरायला जातात. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ जरा वेगळा आहे. डुबकीनंतर क्वचित एक दुखणं होतं, त्याला डीकम्प्रेशन सिकनेस किंवा 'बेंड्स' म्हणतात. ते बसमध्ये किंवा घरी आल्यावरही सुरू होऊ शकतं. तेव्हा सोबत आपणच असतो, त्यामुळे ओळखायचं कामही आपलंच.

हे होतं कसं?

सोड्याची बाटली आठवा. झाकण बंद असतं तोवर बुडबुडे दिसत नाहीत, कारण आतला वायू दाबाखाली पाण्यात विरघळलेला असतो. झाकण पटकन उघडलं की फसफस वर येते. शरीराचंही तसंच. आपण घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. समुद्रात १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि सिलेंडरच्या हवेतला नायट्रोजन रक्तात, सांध्यांत जास्त विरघळतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आलं, किंवा फार खोल, फार वेळ राहिलं, तर त्याचे अंगातच बुडबुडे होतात.

हे दुखणं पूल बांधणाऱ्या कामगारांतही दिसलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना उलट्या पातेल्यासारखी प्रचंड पेटी नदीच्या तळाशी बसवली होती. पाणी आत येऊ नये म्हणून तिच्यात दाबाने हवा भरायचे. आत काम करून वर येणारे मजूर कळवळायचे. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने अंथरुणाला खिळले. मग त्यांची बायको एमिली बांधकामातलं शिकली आणि त्यांच्या सूचना रोज साइटवर पोचवू लागली. १८८३ मध्ये पूल खुला झाला, त्यात या बाईचा मोठा वाटा होता.

पुढे इंग्लंडमध्ये हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून अभ्यास केला. बाहेर आल्यावर ज्या शेळीला त्रास व्हायचा, ती दुखरा पाय वर धरून उभी राहायची. शेळी पाळणाऱ्या तायांना ही खूण सांगायला नको! टप्प्याटप्प्याने वर यायचे नियम त्याने १९०८ मध्ये मांडले.

लक्षणं कोणती?

• खांदा, कोपर, गुडघा अशा सांध्यात खोल, ठणकणारं दुखणं
• हातापायाला मुंग्या, बधीरपणा, पायातलं बळ जाणं
• न शोभणारा थकवा, म्हणजे जेवढं काम झालं त्यापेक्षा कितीतरी जास्त
• अंगाला खाज, पुरळ, कातडीवर जांभळट नक्षी
• चक्कर, उलटी, तोल जाणं, बोलताना गोंधळणं
• लघवी न होणं
• छातीत दुखणं, खोकला, धाप

बहुतेकांना पहिल्या काही तासांतच त्रास सुरू होतो, आणि जवळजवळ सगळ्यांना २४ तासांच्या आत. आपली सवय काय? "बसमध्ये अंग अवघडलं असेल", "सिलेंडर उचलला ना, म्हणून दुखतंय", असं म्हणायचं आणि बाम लावून झोपायचं. इथेच वेळ जातो. डुबकीनंतर २४ तासांत नवं काहीही दुखू लागलं, तर डॉक्टर 'नाही' म्हणेपर्यंत ते बेंड्स आहे असंच धरायचं.

पर्यटकांची डुबकी

सहलीला आलेल्यांना प्रशिक्षक हाताशी धरून थोड्याच खोलीवर, थोडाच वेळ नेतात. त्यात बेंड्सची शक्यता फारच कमी. पण तिथे दुसरा धोका आहे. वर येताना श्वास रोखला, तर छातीत भरलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. हे दीड-दोन मीटरवरूनही होऊ शकतं. वर आल्यावर काही मिनिटांतच कोणी बेशुद्ध पडलं, एक बाजू लुळी पडली किंवा तोंडातून रक्ताळ फेस आला, तर क्षणही दवडू नका. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम.

दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा. गरोदर बाईने स्कुबा करूच नये.

घाटाचं गणित

मालवण समुद्रसपाटीला, पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर. मध्ये फोंडा, गगनबावडा किंवा आंबोली, कुठला तरी घाट चढावा लागतो. उंचावर हवेचा दाब कमी होतो, म्हणजे बाटलीचं झाकण आणखी सैल होतं. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असं सांगतात. घाटालाही तोच हिशेब लावलेला बरा. म्हणून सहलीत स्कुबा पहिल्या दिवशी ठेवा. किल्ला, बाजार, देवदर्शन शेवटच्या दिवशी. डुबकी मारून त्याच संध्याकाळी रात्रीची गाडी पकडायची, हे मुलांनाही करू देऊ नका.

त्रास झालाच तर

१. माणसाला आडवं झोपवा. पुन्हा पाण्यात उतरू देऊ नका.
२. बोटीवर किंवा केंद्रावर ऑक्सिजन असेल तर लगेच लावायला सांगा. बुकिंग करतानाच "तुमच्याकडे ऑक्सिजन आहे का?" असं विचारून ठेवा.
३. १०८ ला फोन करा.
४. शुद्ध पूर्ण असेल तर थोडं थोडं पाणी द्या. दारू नाही, मालिश नाही. दुखण्याची गोळी देऊन सकाळची वाट बघणं नाही.
५. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, "हे पाण्याखाली गेले होते." किती खोल, किती वेळ, किती वेळा, वर कधी आले, त्रास कधी सुरू झाला, हे कागदावर लिहून द्या. गावच्या दवाखान्यात असं दुखणं रोज येत नाही, त्यामुळे ही माहिती फार मोलाची.
६. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी तपासणी टाळू नका.

यावरचा खरा उपचार म्हणजे दाबाच्या बंद खोलीत ऑक्सिजन देणं. मुंबईत कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, आयएनएचएस अश्विनीमध्ये, ही सोय आहे. मधुमेहाच्या चिघळलेल्या जखमांसाठी पुण्यासारख्या शहरांत अशी खाजगी केंद्रंही आहेत, पण प्रत्येक ठिकाणी डुबकीचे रुग्ण घेतीलच असं नाही. कुठे न्यायचं ते डॉक्टरांनाच फोन करून ठरवू द्या.

पुढच्या बैठकीसाठी

• आपल्या घरात, गल्लीत कोणी स्कुबा शिकतंय का? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.
• सहल ठरली असेल तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी काय करायचं ते ठरवून इतिवृत्तात लिहा.
• सोड्याची बाटली आणून झाकण एकदा हळू, एकदा पटकन उघडून दाखवा. लेकरांनाही लगेच कळेल.

मजा जरूर करा, तायांनो. समुद्राखालचे मासे बघायचा हक्क आपलाही आहे. फक्त वर आल्यावर अंग काय सांगतंय, ते ऐका.

आपली,
क्षेत्र समन्वयक, पुणे