शेजारी कोणाला होऊ द्यायचे?
(अभ्यासपाठ : श्रद्धा आणि सामाजिक न्याय)

वाचन : लूक 10:25-37

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नियमशास्त्राचा जाणकार प्रभू येशूला विचारतो, की शेजारी म्हणायचे तरी कोणाला? येशू व्याख्या देत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्नच उलटा करतो : जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? आजच्या पाठात आपण अमेरिकेतील एका धर्मगुरूंची ओळख करून घेणार आहोत. त्यांच्या शहरात हा प्रश्न शब्दशः उभा राहिला होता. शेजारच्या घरात कोणी राहायचे, यावरून तेथे दगड भिरकावले गेले.

दुकानदाराचा मुलगा

फादर जेम्स ग्रॉपी यांचा जन्म 1930 साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात झाला. आईवडील इटलीहून आलेले, शहराच्या दक्षिण भागात किराणा दुकान चालवणारे. बारा भावंडांत जेम्स अकरावे. सेमिनरीत असताना सुट्टीच्या काळात त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीतील मुलांसोबत काम केले. 1959 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पहिली नेमणूक दक्षिणेकडील गोऱ्या लोकांच्या धर्मग्रामात झाली, तर 1963 साली त्यांची बदली उत्तरेकडील सेंट बोनिफेस चर्चमध्ये झाली. एके काळी जर्मन लोकांचे असलेले हे धर्मग्राम तोवर बहुतांशी कृष्णवर्णीयांचे झाले होते.

धर्मग्राम हीच शाळा

फादर ग्रॉपी चळवळ करायची म्हणून सेंट बोनिफेसला गेले नव्हते. ते मिस्सा अर्पण करायला, मुलांना धर्मशिक्षण द्यायला, आजाऱ्यांना भेटायला गेले. पण घरोघरी जाणाऱ्या धर्मगुरूला घराची अवस्थाही दिसते. दाटीवाटीच्या खोल्या, गळकी छपरे आणि अवाच्या सवा भाडे त्यांना दिसले. कुटुंबाकडे पैसे असले तरी शहराच्या दुसऱ्या भागात त्यांना कोणी घर देत नसे. शाळांचीही तीच गत होती. कृष्णवर्णीय मुलांना बसने गोऱ्यांच्या शाळेत नेत, पण तेथे त्यांना वेगळ्याच वर्गात बसवत.

मार्च 1965 मध्ये अलाबामा राज्यातील सेल्मा येथे मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना हाक दिली. फादर ग्रॉपी सेल्माला गेले. परत आल्यावर त्यांना आपल्याच शहरातील अन्याय अधिक स्पष्ट दिसू लागला. शाळांमधील भेदभावाविरुद्ध निदर्शने करताना त्यांना अटक झाली. त्याच वर्षी ते ‘एन.ए.ए.सी.पी.’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या युवक शाखेचे सल्लागार झाले. ही तरुण मुलेच चळवळीचा कणा होती.

पुलापलीकडे

मिलवॉकीच्या नगरपरिषदेत व्हेल फिलिप्स या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्या होत्या. वंशावरून कोणाला घर नाकारता येऊ नये, असा ठराव त्यांनी 1962 साली मांडला. ठरावाच्या बाजूने एकच मत पडले, त्यांचे स्वतःचे, विरोधात अठरा. असे चार वेळा घडले.

शहराच्या मधोमध मेनॉमनी नदीचे खोरे आहे. उत्तरेला कृष्णवर्णीयांची वस्ती, तर दक्षिणेला मुख्यतः पोलिश वंशाच्या गोऱ्यांची. दोहोंना जोडणाऱ्या सोळाव्या रस्त्यावरील पुलाबद्दल लोक थट्टेने म्हणत, की हा जगातील सर्वांत लांब पूल, कारण तो आफ्रिकेला पोलंडशी जोडतो!

28 ऑगस्ट 1967 रोजी फादर ग्रॉपी आणि युवक शाखेची मुले सुमारे दोनशे जणांसह हा पूल ओलांडून दक्षिणेकडे गेली. पलीकडे हजारोंचा जमाव उभा होता. शिव्या, दगड, बाटल्या यांचा वर्षाव झाला. दुसऱ्या रात्री जमाव आणखी मोठा होता. त्याच रात्री युवक शाखेचे कार्यालय आगीत जळाले.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. त्या जमावातील अनेक जण कॅथलिक होते. रविवारी मिस्साला जाणारे, मुलांना प्रथम कम्युनियनसाठी तयार करणारे. फादर ग्रॉपी ज्या दक्षिण भागात वाढले, तेथलेच हे लोक. त्यांना आपल्या घराची किंमत घसरण्याची भीती वाटत होती. भीती खरी असेलही, पण तिने त्यांच्या हातात दगड दिला.

दोनशे रात्री

मोर्चे थांबले नाहीत. महापौरांनी काही काळ बंदी घातली, अटका झाल्या, विस्कॉन्सिनची कडाक्याची थंडी आली. तरी सलग दोनशे रात्री लोक चालत राहिले. फादर ग्रॉपी यांना धर्मग्रामातून हलवावे, अशी मागणी अनेक कॅथलिकांनी आर्चबिशप विल्यम कझिन्स यांच्याकडे केली. आर्चबिशपांनी ती मानली नाही.

4 एप्रिल 1968 रोजी डॉ. किंग यांची हत्या झाली. 11 एप्रिलला घरांच्या खरेदी-विक्रीत आणि भाड्यात भेदभाव करण्यास मनाई करणारा राष्ट्रीय कायदा मंजूर झाला, आणि 30 एप्रिलला मिलवॉकीच्या नगरपरिषदेने त्याहून कडक नियम केला. व्हेल फिलिप्स यांचे एकटे मत अखेर बहुमत झाले.

पुढे 1976 साली ग्रॉपी यांनी विवाह केला आणि धर्मगुरुपद सोडले. ते शहरात बस चालवू लागले व 1983 साली बसचालकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. 1985 साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. 1988 साली त्या पुलाला त्यांचे नाव देण्यात आले.

कायदा झाला म्हणून मने लगेच बदलली नाहीत. वंशानुसार वस्त्या विभागलेल्या अमेरिकन शहरांत मिलवॉकीचे नाव आजही घेतले जाते. पूल नावापुरता उरू नये, ही जबाबदारी पुढच्यांची असते.

आपल्यासाठी

फादर ग्रॉपी यांच्या जीवनातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. न्यायाच्या कार्याची सुरुवात मोठ्या घोषणेने झाली नाही. आपल्या धर्मग्रामातील माणसांच्या घरी जाण्याने, त्यांचे ऐकण्याने ती झाली. जखमी माणसाला मदत करणे पुष्कळांना जमते. तो बरा झाल्यावर आपल्या शेजारी राहायला येतो म्हणाला, तर त्याला दार उघडणे अवघड जाते. दाखल्याची खरी परीक्षा तेथेच आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. धर्म, जात, भाषा किंवा आहार यांवरून आपल्या परिसरात कोणाला घर नाकारले जाते का? तेव्हा सोसायटीच्या सभेत आपण काय बोलतो?
2. आपल्या धर्मग्रामात भाड्याने राहायला आलेली किती कुटुंबे आपल्याला नावाने ठाऊक आहेत?
3. व्हेल फिलिप्स यांच्यासारखे एकटेच मत देण्याची वेळ आली, तर आपल्याला बळ कोठून मिळेल?

या आठवड्यात : आपल्या वाडीत किंवा इमारतीत नव्याने आलेल्या एका कुटुंबाला भेट द्या. सल्ला देऊ नका, फक्त त्यांचे ऐका.