बालदारिद्र्य आणि शासकीय धोरण : आंतरवासितेतील नोंद व अहवाल

१. प्रास्ताविक

सामाजिक संशोधनाच्या आंतरवासितेत विद्यार्थी ठरावीक काळ प्रत्यक्ष क्षेत्रात राहून माहिती गोळा करतो व तिच्या आधारे अहवाल लिहितो. हा अहवाल धोरण राबविणाऱ्यांपर्यंत जाणार असेल, तर त्यातील शब्दयोजना ही केवळ शैलीची बाब राहत नाही. प्रस्तुत भागात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या उदाहरणातून आपण हे समजून घेणार आहोत.

२. बालदारिद्र्याची संकल्पना

बालदारिद्र्य केवळ कुटुंबाच्या उत्पन्नावरून मोजता येत नाही. नीती आयोगाच्या राष्ट्रीय बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात १२ निर्देशक असून त्यांत पोषण व शालेय उपस्थिती यांचाही समावेश आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेले कुटुंब मार्च-एप्रिलपर्यंत परतते. म्हणजेच ज्या महिन्यांत आईवडिलांना काम मिळते, त्याच महिन्यांत मुलाची शाळा सुटते.

३. एकच मूल, दोन नोंदी

पुढील दोन नोंदी नमुन्यादाखल दिल्या आहेत.

(अ) विद्यार्थी सतत गैरहजर. पालक शिक्षणाबाबत उदासीन.

(आ) नोव्हेंबरपासून कुटुंब ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात. गावात मुलाला सांभाळणारे कोणी नाही. कामाच्या तळाजवळील शाळेत प्रवेश झालेला नाही.

पहिल्या नोंदीतील ‘उदासीन’ हे निरीक्षण नसून अनुमान आहे. त्यावरून सुचणारा उपाय एकच : पालकांचे प्रबोधन. दुसऱ्या नोंदीतील प्रत्येक विधान पडताळून पाहता येते व त्यातून शासनाला विचारावयाचे प्रश्न निघतात. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाची सोय येथे होती काय? असल्यास ती कुटुंबे निघण्यापूर्वी सुरू झाली काय? तळाजवळच्या शाळेने मुलाला प्रवेश का दिला नाही?

४. ‘सक्ती’ कोणावर?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नावातील ‘सक्तीच्या’ या शब्दामुळे ही सक्ती पालकांवर आहे, असा समज होतो. तथापि अधिनियमाच्या स्पष्टीकरणानुसार ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती व प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांची खात्री करणे हे शासनाचे बंधन आहे. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल हे पाहणे, हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. नोंद (अ) हे कर्तव्य दृष्टिआड करते. नोंद (आ) ते पुढे आणते.

५. अहवाललेखनातील दक्षता

याचा अर्थ अहवाल भावनाप्रधान असावा, असा नाही. पाहिलेले, ऐकलेले व अनुमानिलेले यांत स्पष्ट भेद ठेवावा. तारखा नोंदवाव्यात. मुलाचे नाव व ओळख गुप्त ठेवावी. पालकांची संमती घ्यावी. हजेरीपटाबरोबरच कामाचा तळही पाहावा. कारण पटावर ‘गैरहजर’ असलेले मूल कोठेतरी हजर असतेच.

स्वाध्याय

१. ‘गळती’ या शब्दातून जबाबदारी कोणाकडे जाते, ते पाच ओळींत लिहा.
२. आपल्या परिसरातील एका स्थलांतरित कुटुंबाविषयी, केवळ पडताळता येतील अशी पाच विधाने लिहा.