नैवेद्याआधी लाडू

प्रश्न : चार वर्षांचं आमचं पोट्टं नैवेद्य दाखवायच्या आधीच लाडू उचलते. थोरल्या नातवाला सोळावं लागलं, त्याच्या हातचा मोबाइल सुटत नाही. हा स्वभावच म्हणायचा, की पुढे आवर येतो?
– एक आजी, वलगाव

उत्तर : आजी, आवर येतो, पण सावकाश. इच्छेला थोपवणारा मेंदूचा कपाळामागचा भाग तीन ते सात या वयात झपाट्याने घडतो, आणि त्याची वाढ पंचविशीपर्यंत चालते. सोळाव्या वर्षी मौजेची ओढ आधी जोर धरते, आवर मागून येतो. म्हणून थोरल्याला नुसतं रागावून भागणार नाही. रात्री सगळ्यांचेच फोन एका खोलीत ठेवा, त्याच्या आईबाबांचेही.

आता धाकटा. ‘आत्ता एक खा, किंवा थांबलास तर दोन’ अशी परीक्षा वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत घेतली होती. खाऊ झाकलेला असला की मुलं जास्त वेळ थांबत. पण न थांबणारं मूल पुढे मागे पडतं, असा जो बोभाटा झाला तो मला पटत नाही. 2018 साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेताच तो संबंध बराच फिका पडला. 2013च्या एका प्रयोगात तर आधी शब्द पाळलेल्या माणसासमोर मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, आणि शब्द मोडलेल्यासमोर तीनच. थांबणं मुलाच्या अंगात असतं तितकंच आपल्या शब्दातही असतं.

बालपण हातचं गेलं म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. ज्यांचा संयम वाढत्या वयात सुधारला, त्यांचं बत्तिसाव्या वर्षीचं आयुष्य त्या मानाने बरं निघालं. संत गाडगेबाबांचंच पाहा, ते तर तुमच्या गावाजवळच, पेढी नदीच्या काठी, 20 डिसेंबर 1956 रोजी गेले. दारूपायी वडील लवकर वारले, पोरका डेबूजी (हे गाडगेबाबांचं लहानपणीचं नाव) दापुऱ्याला मामाकडे वाढला. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्याने गोडाचं जेवण वाढलं. त्या काळी भाऊबंदांसमोर हे करायला केवढा आवर लागला असेल!

तेव्हा लाडवांचा डबा झाकून ठेवा. ‘आरती झाली की पहिला तुला’ म्हणा, आणि आरती झाल्यावर पाहुणे बसलेले असले तरी पहिला त्यालाच द्या.