‘मी केलो’, ‘मी केले’ आणि ‘आय डिड’



भूतकाळाचे पेपर तपासताना दोन चुका आम्हांला दरवर्षी भेटतात. एक ‘गोएड’ आणि दुसरी ‘आय डिड नॉट वेंट’. मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहते, असे काही पालक म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. बेळगाव-निपाणीच्या मुलांच्या कानावर दोन भाषांचे भूतकाळ लहानपणापासून पडतात. त्यांचाच उपयोग करून घेऊ.

आधी सोपा भाग. बहुतेक क्रियापदांना शेवटी ई-डी लागते. लिहिताना ती एकच, पण बोलताना तिचे उच्चार तीन : ‘वर्क’चे वर्क्ट, ‘प्ले’चे प्लेड आणि ‘स्टार्ट’चे स्टार्टिड. शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल तरच ‘इड’ म्हणायचे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी होते, तिथे ‘प्रिसायडिड’ बरोबर. पण ‘वॉकेड’ नको, ‘वॉक्ट’ म्हणा.

आता गंमत पाहा. मराठीत ‘मी आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, पोहे खाल्ले’. काय खाल्ले त्याप्रमाणे क्रियापद बदलते. कन्नडमध्ये ‘नानु तिंदे, अवनु तिंद, अवळु तिंदळु’, म्हणजे कोणी खाल्ले त्याप्रमाणे. आपल्याकडे घरोघरी ‘मी काम केलो’ म्हणतात ते याच वळणाचे. (मराठीच्या पेपरात मात्र ‘केले’च लिहा!) इंग्रजीत यातले काहीच नाही. खाणारा कोणीही असो, आंबा एक असो की दहा, ‘एट’ तसेच राहते. कर्त्याप्रमाणे बदलते ते फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’.

मग ‘गो’चे ‘वेंट’ कसे? आपल्या ‘जाणे’चे ‘गेला’ होते तसेच. ‘जाणे’ संस्कृतच्या ‘या’ धातूवरून आले आणि ‘गेला’ हे ‘गत’वरून. इंग्रजीतही ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. करणे-केले, देणे-दिले, घेणे-घेतले हीसुद्धा नियमाबाहेरची, पण ती कोणी पाठ केली नाहीत. रोज तोंडात असणाऱ्या क्रियापदांची जुनी रूपे सहसा टिकून राहतात. सगळीच टिकली असे नाही. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता. म्हणून अशी रूपे मोठ्याने, जोडीजोडीने म्हणा : सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक, बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, टीच-टॉट. कट, पुट, हिट तर बदलतच नाहीत.

राहिले ‘डिड नॉट वेंट’. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेलो नाही’, दोन्हीकडे ‘गेलो’ आहे, म्हणून चूक होते. इथे कन्नड आठवा : ‘नानु होदे’, पण ‘नानु होगलिल्ल’. नकार येताच ‘होदे’ नाहीसे होऊन मूळ ‘होग’ परत येते. अगदी तसेच ‘आय वेंट’, पण ‘आय डिड नॉट गो’. भूतकाळ ‘डिड’ने दाखवला, आता ‘गो’ने पुन्हा दाखवायचे कारण नाही. प्रश्नातही तेच : ‘डिड यू गो?’

पुढील वाक्ये इंग्रजीत लिहा. मग प्रत्येकाचा ‘डिड’ वापरून प्रश्न करा.

इंदिरा संत बेळगावात राहिल्या. त्यांनी कविता लिहिल्या. पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या राणी पार्वती देवी महाविद्यालयात शिकवले. २०१४ साली ‘बेळगाव’चे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. काल आईने बाजारातून भाजी आणली.